यागू, मात्रा आणि शुश्रूषा : भेसज्जक्खन्धक व झाडीपट्टीची चूल

विनयपिटकातील महावग्गाचा सहावा खन्धक 'भेसज्जक्खन्धक' या नावाने प्रसिद्ध आहे. प्राचीन भारतीय वैद्यकाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्याच्याकडे औषधींची एक जुनी यादी म्हणून पाहतात, तर विनयाचे अभ्यासक त्याच्याकडे भिक्षूंच्या नियमांचा एक भाग म्हणून पाहतात. या दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. परंतु हा खन्धक तिसऱ्याही एका दृष्टीने वाचता येतो, आणि ती दृष्टी घरच्या चुलीची आहे. तांदूळ, मूग, तीळ, मीठ, हळद, आले, तूप आणि गूळ यांचा जेवढा उल्लेख या खन्धकात आहे, तेवढा तिपिटकात अन्यत्र क्वचितच सापडेल.

प्रस्तुत लेखात आम्ही हा खन्धक आणि त्याच्याशी संबंधित काही सुत्ते गोंदिया जिल्ह्यातील साध्या घरगुती आहाराच्या संदर्भात वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यास कारणही तसेच आहे. आज 'नैसर्गिक उपचार' या नावाने एकीकडे महागडी चूर्णे विकली जातात, दुसरीकडे गंडेदोरे आणि अंगारे यांचा व्यवहार चालूच आहे, आणि तिसरीकडे घरात रोज शिजणाऱ्या अन्नाची मात्र उपेक्षा होते. अशा वेळी बुद्धाने आरोग्याचा विचार नेमका कोणत्या पायावर उभा केला, हे उपासक-उपासिकांनी मूळ ग्रंथांच्या आधारे जाणून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

शरदातील आजार

भेसज्जक्खन्धकाचा आरंभ एका ऋतूपासून होतो. भगवान श्रावस्तीस असताना भिक्षूंना शरद ऋतूतील आजाराने ग्रासले होते. प्यालेली यागू आणि खाल्लेला भात त्यांच्या पोटात ठरत नव्हता. ते कृश आणि निस्तेज झाले होते, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या होत्या. तेव्हा भगवंतांनी असा विचार केला की, जे औषधही आहे आणि पोषणही करते, परंतु ज्याला जड आहार म्हणता येत नाही, असे काय देता येईल? त्यातून तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच भेसज्जे अनुज्ञात झाली. प्रथम ती योग्य वेळीच घेण्याची मुभा होती. पुढे भिक्षूंची दुर्बलता पाहून ती विकाळीही घेण्याची अनुज्ञा मिळाली, आणि सात दिवसांपर्यंत जवळ बाळगता येतील अशी मर्यादा घालण्यात आली.

भातपट्ट्यातील वाचकास हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. आश्विन-कार्तिकात धान पिकत असते, बांधीत पाणी साचलेले असते आणि घरोघरी तापाचे रुग्ण असतात. हवामान आणि आजार यांचा संबंध बुद्धकाळातील कोसल देशात जसा दिसत होता, तसाच तो वैनगंगेच्या खोऱ्यात आजही दिसतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या आजारावर भगवंतांनी यज्ञ, मंत्र किंवा शांतिकर्म सुचविले नाही. त्यांनी भिक्षूंच्या शरीराची अवस्था पाहिली, अन्न का पचत नाही याचा विचार केला आणि आहारात बदल केला.

यानंतर खन्धकात मुळे, कषाय, पाने, फळे आणि क्षार यांच्या याद्या येतात. मुळांत हळद, आले, वेखंड, अतिविष, वाळा आणि नागरमोथा आहेत. पानांत कडुनिंब, कुडा आणि पडवळ आहेत. फळांत पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत. मिठाचे पाच प्रकार वेगळे सांगितले आहेत. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या परिसरातील रानाची ज्यांना ओळख आहे, त्यांना यातील अनेक नावे घरचीच वाटतील. हिरडा, बेहडा, आवळा हे तेथील वनोपज आहे, आणि ज्या कुड्याच्या पानांचा व कषायाचा विनयात उल्लेख आहे, त्याच कुड्याच्या फुलांची भाजी विदर्भात आवडीने खाल्ली जाते.

यागूचे स्थान

या सर्व याद्यांपेक्षा आम्हांस यागूचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. भगवान साडेबाराशे भिक्षूंसह अंधकविंदाकडे निघाले असता जनपदातील लोक मीठ, तेल, तांदूळ आणि खाद्यपदार्थ गाड्यांत भरून मागोमाग चालले होते, आणि प्रत्येक जण दान देण्याची आपली पाळी कधी येते याची वाट पाहत होता. एका ब्राह्मणाला दोन महिने होऊनही पाळी मिळाली नाही. तेव्हा त्याने भोजनशाळेत जाऊन तेथे काय नाही याची पाहणी केली. त्यास दोन वस्तू आढळल्या नाहीत : यागू आणि मधाचे लाडू. आनंद थेरांना विचारून त्याने त्या तयार करविल्या, आणि त्या प्रसंगी भगवंतांनी यागूचे दहा लाभ सांगितले. यागू देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि प्रतिभान देतो. प्यालेली यागू भूक शमविते, तहान भागविते, वाताचे अनुलोमन करते, मूत्राशय शुद्ध करते आणि न पचलेले अन्न पचविते. अंगुत्तरनिकायाच्या पाचव्या निपातात यातील शेवटचे पाच लाभ स्वतंत्रपणेही आले आहेत.

यागू म्हणजे आपली पेज. साडेबाराशे भिक्षूंच्या भोजनशाळेत पक्वान्नांची वाण नव्हती, पेजेची होती, ही गोष्ट मोठी सूचक आहे. श्रीमंतीच्या दानात साधेपणाच राहून जातो.

याच खन्धकात विरेचन घेतलेल्या भिक्षूसाठी 'अच्छकञ्जी', म्हणजे पेजेवरचे निवळ पाणी, अनुज्ञात केले आहे. त्यानंतर मुगाचे निवळ कढण, मग थोडे दाट कढण आणि शेवटी मांसरस असा क्रम येतो. अशक्त झालेल्या पोटाला पाण्यापासून घनाकडे हळूहळू आणावयाचे, हा क्रम ज्या आजीने तापातून उठलेल्या नातवाला आधी पेज, मग मुगाचे वरण आणि मग मऊ भात भरविला असेल, तिला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

आधुनिक वैद्यकाने या अनुभवास अनपेक्षित दिशेने दुजोरा दिला आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर यांचे प्रमाणबद्ध पाणी तोंडावाटे देऊन असंख्य रुग्ण वाचविले. पुढे ढाका येथील संशोधनात साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून केलेले क्षारयुक्त पाणीही गुणकारी ठरले. मात्र या पद्धतीचे यश प्रमाणात आहे. मीठ अंदाजाने टाकून चालत नाही, आणि मूल निपचित पडले, डोळे खोल गेले तर त्यास विनाविलंब रुग्णालयात नेलेच पाहिजे.

पेजेचा विचार करताना तांदळाचाही विचार करणे भाग आहे. गोंदिया हे भात गिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. गिरणीत तांदूळ जितका पांढरा होतो, तितका त्याचा कोंडा आणि त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते. पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, हे आयकमन यांनी जावा बेटावर १८९० च्या दशकात पाहिले, आणि त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धान उकडून मग कांडले तर हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते व बरेचसे टिकते. म्हणून उकड्या तांदळाला गरिबाचा तांदूळ समजून कमी लेखणे हे अज्ञान होय.

रोग आणि पूर्वकर्म

आरोग्याच्या प्रश्नात बुद्धाची सर्वांत मूलगामी भूमिका आहारासंबंधी नसून कारणासंबंधी आहे. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणसास जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होय, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? भगवंत आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. यांपैकी अनेक कारणे माणूस स्वतः पाहू शकतो व जगालाही ती मान्य आहेत. तेव्हा सर्वच पूर्वकर्मावर ढकलणे हे अनुभव आणि लोकप्रत्यय या दोहोंचे उल्लंघन आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला, त्यामागे हीच बौद्ध विचारपरंपरा उभी आहे. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुझे दुःख तुझ्या पूर्वजन्मीचे फळ' असे ऐकविले गेले, त्या समाजासाठी रोगाचे कारण ऋतूत, आहारात आणि परिस्थितीत शोधणे ही केवळ वैद्यकीय गोष्ट राहत नाही. ती मुक्तीची गोष्ट होते.

वैनगंगेच्या काठी

हा विचार पुस्तकातच राहिला नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा-व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. जेथे औषधी वनस्पती, मुळे आणि फळे नव्हती तेथे ती आणवून लावली, वाटेवर विहिरी खोदविल्या आणि झाडे लावविली, असे तो सांगतो. त्याच्या नवव्या शिलालेखात आजारपण, विवाह, संततीजन्म व प्रवास या प्रसंगी लोक करीत असलेल्या नाना मंगलविधींची अल्पफल म्हणून संभावना केली आहे, आणि धम्ममंगल श्रेष्ठ ठरविले आहे. या नवव्या लेखाचा एक खंड महाराष्ट्रात सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे १९५६ साली सापडला. धम्मक्रांतीच्या वर्षीच तो प्रकाशात यावा, हा योगायोग सुखद आहे.

पूर्व विदर्भात वैनगंगेच्या काठी पवनी येथे नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि तेथील स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. पवनी आज भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हाही १ मे १९९९ पर्यंत याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे ज्या नदीच्या पाण्यावर तिरोड्याकडील धान पोसले जाते, तिच्याच काठी प्राचीन काळी स्तूपाभोवती उपासक जमत होते. स्तूप जेथे होता तेथे भिक्षुसंघ होता, आणि संघ जेथे होता तेथे विनयानुसार सकाळची यागूही असलीच पाहिजे. झाडीपट्टीची पेज आणि विनयातील यागू यांच्यात अखंड परंपरा सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. दोन्ही एकाच भातसंस्कृतीच्या पोटी जन्मलेल्या आहेत, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

मात्रा : राजाची आणि मजुराची

भोजनातील मात्रा जाणणे, 'भोजने मत्तञ्ञुता', हे आरोग्याचे बुद्धप्रणीत सूत्र सर्वश्रुत आहे. संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तात पसेनदी राजा द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकत भगवंतांजवळ येतो. भगवान त्याला मिताहाराची एक गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करवितो, आणि रोज जेवताना त्याने ती म्हणावी अशी व्यवस्था करतो. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर येतो आणि शरीर हलके होते. चुल्लवग्गात असाही प्रसंग आहे की, वैशालीत उत्तमोत्तम भोजने मिळू लागल्याने भिक्षू आजारी पडले, तेव्हा जीवकाने त्यांच्यासाठी चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे नियमित चालणे आणि उष्ण स्नानगृह, यांची विनंती केली व भगवंतांनी ती मान्य केली. मधुमेह आणि रक्तदाब नोकरदार घरांत शिरला असताना या दोन्ही प्रसंगांचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु मात्रेचा अर्थ केवळ 'कमी खा' असा करणे ही पोटभर जेवणाऱ्यांची चूक आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीचा एक प्रसंग आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्मश्रवणास आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि नंतरच उपदेश केला. भुकेला रोगांत सर्वांत मोठे स्थान देणारी गाथा या प्रसंगाशी जोडलेली आहे. राजाची मात्रा भात कमी करण्यात होती, शेतकऱ्याची मात्रा ताट भरण्यात होती.

झाडीपट्टीतील लाखोळीचा इतिहास हेच सांगतो. उभ्या धानात ओल असतानाच लाखोळी पेरली जाते आणि धान निघाल्यावर तेवढ्या ओलीवर ती वाढते. दुष्काळातही हाती येणारे हे कडधान्य आहे. त्यात एक विषारी द्रव्य असते, आणि लाखोळीच महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खावी लागली तर पाय लुळे पडतात. १८३० च्या सुमारास सागर भागात दुष्काळात हा आजार पसरल्याचे स्लीमन यांनी नोंदविले आहे. रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळत असे आणि तेथे या आजाराने अनेकांना पंगू केले. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तथापि पूर्व विदर्भातील लागवड थांबली नाही. ही डाळ भातासोबत, इतर डाळी-भाज्यांच्या जोडीने आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देऊन खाल्ली तर धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे माणूस पंगू झाला तो केवळ डाळीमुळे नव्हे. दुसरे काही खाण्यास नव्हते, म्हणून तो पंगू झाला. विषाची मात्रा त्या माणसाने ठरविली नव्हती. ती त्याच्या मालकाने ठरविली होती.

चूल आणि स्वाभिमान

म्हणूनच आमच्या समाजात घरच्या साध्या अन्नाचा प्रश्न हा कधीच केवळ पथ्याचा प्रश्न नव्हता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्ट्यापाष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आवाहन केले. १९४८ साली प्रकाशित झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी आहार आणि अस्पृश्यता यांचा ऐतिहासिक संबंध उलगडून दाखविला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाचाही समावेश होता. गोंदिया तेव्हा ज्या भंडारा जिल्ह्यात होते, त्याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ सालची पोटनिवडणूक लढविली होती. त्यात त्यांचा पराभव झाला, परंतु या भागातील जनतेने अडीच वर्षांतच त्यांच्या धम्ममार्गाला प्रतिसाद दिला.

या दृष्टीने पाहिले असता, स्वतःच्या कष्टाच्या तांदळाची पेज स्वतःच्या चुलीवर शिजविणे हे आमच्या आजी-आजोबांसाठी एक ऐतिहासिक कृत्य होते. शिळे मागून आणण्याची प्रथा ज्या घराने मोडली, त्या घरातील ताजा भात हा आरोग्याचा पहिला उपचार होता. आज त्याच घरातील मुले पुडीतल्या तळलेल्या खाऊवर वाढत असतील, आणि तरोट्याची भाजी, जवसाची चटणी, आंबील यांना ती हसत असतील, तर इतिहासाचे हे विस्मरण त्यांच्या शरीरालाच भोवणार आहे.

चुलीची मर्यादा

चुलीचे एवढे महत्त्व सांगितल्यावर तिची मर्यादा सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. भेसज्जक्खन्धक हा त्या काळाचा ग्रंथ आहे. सर्पदंशावर त्यात शेण, मूत्र, राख आणि माती यांचा उपाय आला आहे. तो इतिहास म्हणून वाचावा, अनुकरणासाठी वाचू नये. बांधीत साप चावला तर प्रतिविष हाच उपचार आहे आणि रुग्णालय हेच ठिकाण आहे. त्या वेळी मांत्रिकाकडे जाणे जसे अपायकारक, तसेच 'जुन्या ग्रंथातील उपाय' करीत बसणेही अपायकारक आहे.

ही दृष्टी विनयातही आहे. जीवकाने तक्षशिलेत सात वर्षे विद्या घेतली. तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती आण, असे आचार्यांनी सांगितले असता तो रिकाम्या हाताने परतला. परंतु वनस्पतींवर एवढी श्रद्धा असणाऱ्या या वैद्याने साकेतच्या श्रेष्ठिपत्नीला औषधी तुपाने बरे केले, तसे राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रियाही केली. तूप कोठे पुरते आणि शस्त्र कोठे लागते, हे ओळखणे म्हणजेच वैद्यक.

गोंदियासह पूर्व विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आजार या विवेकाची आज परीक्षा घेतो. हा रक्तातील आनुवंशिक दोष आहे. पूर्वजन्मीच्या पापाशी किंवा कोणाच्या नजरेशी त्याचा काही संबंध नाही. भरपूर पाणी, ताजे अन्न, पालेभाज्या, थंडीपासून संरक्षण आणि विश्रांती यांनी रुग्णाला आधार मिळतो. परंतु कोणत्याही पाल्याच्या रसाने तांबड्या पेशींचा दोष जात नाही. त्यासाठी रक्ततपासणी, फॉलिक अॅसिड आणि वैद्याच्या देखरेखीखालील औषधे आवश्यक आहेत. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी पत्रिका पाहण्याची रूढी ज्यांनी सोडली, त्यांनी रक्ताचा अहवाल मात्र अवश्य पाहावा. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. विहारांनी तपासणी-शिबिरांसाठी आपली दारे उघडली तर ते अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाचेच आचरण ठरेल.

विशाखेचे मागणे

अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचावर निजविले आणि रुग्णसेवा ही बुद्धसेवाच आहे असा आदर्श संघापुढे ठेवला, हा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य ओळखणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मल-मूत्र व ओकारी काढताना किळस न मानणे आणि धम्मकथेने रुग्णाला उभारी देणे. यांतील पहिले दोन गुण चुलीशीच निगडित आहेत.

परंतु आम्ही वाचकांचे लक्ष त्याच खन्धकातील दुसऱ्या एका प्रसंगाकडे वेधू इच्छितो. विशाखा मिगारमातेने भगवंतांकडे आठ वर मागितले. त्यांत रुग्णासाठी भोजन, रुग्णासाठी औषध आणि संघासाठी नित्य यागू यांबरोबरच रुग्णाची सेवा करणाऱ्यासाठी भोजन, असाही एक वर आहे. तिचा युक्तिवाद सरळ आहे. सेवा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडू लागला तर रुग्णाचे अन्न वेळेवर पोचणार नाही आणि तोही उपाशी राहील.

झाडीपट्टीतील घराघरांत रुग्णाची पेज शिजविणारी, धान रोवून आलेली आणि सर्वांच्या शेवटी जेवणारी जी स्त्री आहे, तिच्या ताटाचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी एका उपासिकेने केला होता. पंडुरोगाने ग्रासलेल्या बाईला मिताहाराचा उपदेश करणे हा धम्म नव्हे. तिच्या ताटात डाळ, पालेभाजी, अंडे किंवा मासळी पहिल्याने वाढली जाणे, हा धम्म होय. विहारात यागूदानाचे पुण्य सांगणाऱ्या प्रत्येक उपासकाने घरी गेल्यावर प्रथम हे पाहावे की, चुलीजवळ बसलेली माउली जेवली की नाही.